नशिबाच्या गेमचा स्पीडरन आणि "हे तर चीटिंग" म्हणणारे

जुन्या कन्सोलच्या गेममध्ये नशीब असं काही नसतं. हे मी भेटेल त्याला सांगतो, समोरचा मान डोलावतो आणि परत म्हणतो "पण शेवटी लकच ना रे", म्हणून आज एकदाचं सगळं लिहून काढतो. पोस्ट लांब आहे, आता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा.

गेम म्हणजे निन्टेंडोचा टेट्रिस, १९८९ चा, एनईएसवरचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या त्यांच्या जुन्या मशीनवरचा. लहानपणी आपल्या टीव्ही गेमच्या कॅसेटीत जे टेट्रिस असायचे ते नाना तऱ्हेचे, त्यांचं आतलं गणित वेगळं, त्यामुळे "आमच्याकडे असं नव्हतं" ही कमेंट नको प्लीज. त्यातला ए-टाईप सगळ्यांना माहीत असतो, मरेपर्यंत खेळत राहायचं. मी ज्याच्या मागे लागलोय तो बी-टाईप. यात २५ लाईनी काढल्या की गेम संपला, आणि हाइट नावाची सेटिंग वाढवाल तसं सुरुवातीलाच खाली गार्बेज भरून मिळतं, हाइट ५ ला तर १२ ओळी, मध्येच ठोकळा मध्येच भोक, आणि दर वेळी वेगळं. या २५ लाईनी कमीत कमी वेळात काढायच्या, एवढाच स्पीडरन. गार्बेज रँडम, तुकडेही रँडम, म्हणून लोकांना वाटतं की चांगलं गार्बेज मिळालं, लांब दांड्या मिळाल्या की रेकॉर्ड, नाहीतर नाही.

आता हे रँडम नेमकं काय आहे ते बघा. गेमच्या आत १६ बिटांची, म्हणजे सोळा ० किंवा १ ची, एक संख्या असते. मशीन चालू केलं की ती दर वेळी एकच असते, हेक्समध्ये (१६ च्या पायावर आकडे लिहायची पद्धत) ८९८८. मग प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलेल तेव्हा, ती एक पाऊल पुढे जाते, म्हणजे त्यातल्या दोन ठराविक बिटांचा एक्सॉर घ्यायचा (दोन्ही सारखे तर ०, वेगळे तर १), तो एका टोकाने आत ढकलायचा आणि बाकीचे सगळे बिट एकेक घर सरकवायचे. झालं, एवढंच मशीन. ३२,७६७ पावलांनी ती परत पहिल्या जागी येते, आणि अमेरिकन एनईएस सेकंदाला साठाहून किंचित जास्त फ्रेम काढतो म्हणजे साधारण नऊ मिनिटांत एक पूर्ण चक्कर. तुम्ही मेनूवर ठेवून चहा प्यायला गेलात तरी ती फिरतेच आहे. ज्या फ्रेमला तुम्ही स्टार्ट दाबलं त्या फ्रेमला ती जिथे असेल त्यावरून गार्बेज ठरतं आणि पहिले दोन तुकडे ठरतात. यात नशीब कुठे आलं? मशीन कधी चालू केलं आणि बटण कधी दाबलं, एवढंच आहे.

आपण गोव्यातली माणसं, आपल्याला तरी हा फरक लगेच कळायला पाहिजे. जत्रेत झुगाराच्या टेबलाभोवती गर्दी बघत आपण मोठे झालो, मटक्याचे जुने आकडे वहीत उतरवून त्यात पॅटर्न शोधणारे काका प्रत्येक वाड्यावर एक तरी असतात, आणि मांडवीतल्या त्या कसिनोच्या बोटी तर येता-जाता दिसतात. कसिनोतल्या मशीनचा आकडा मुद्दाम असा बनवलेला असतो की खेळणाऱ्याला पुढचं काही कळूच नये. जिथे पॅटर्न नाही तिथे लोक रात्र रात्र जागून तो शोधतात, आणि या टेट्रिसमध्ये खरोखरचा पॅटर्न आहे, लिहून काढता येतो, तर तिथे म्हणतात लक. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ज्या मुलाला आज कळलं की "रँडम" दिसणाऱ्या गोष्टीच्या आत काय चाललंय ते विचारता येतं, तो मुलगा उद्या त्या टेबलाजवळ उभा राहिला तरी वेगळ्या डोळ्यांनी बघेल.

तुकडा निवडायची पद्धतही सांगतो कारण ती माहीत नसेल तर ऑप्टिमाइझ कशाला म्हणतात तेच कळणार नाही. गेम ० ते ७ मधला एक आकडा काढतो. तुकडे आहेत सात. तर ७ आला किंवा मागचाच तुकडा परत आला तर तो पुन्हा एकदा काढतो, फक्त एकदाच, या वेळी सातांतलाच एक, आणि मग जे येईल ते देतो. याचा हिशोब केला तर तोच तुकडा लगेच परत येण्याची शक्यता साधारण २८ त १, आणि बाकीच्या प्रत्येक तुकड्याची ५६ त ९, म्हणजे साधारण १६ टक्के. म्हणजे लांब दांडी टाकून टेट्रिस मारला (एका दमात चार लाईनी काढल्या) की लगेच दुसरी दांडी येईल अशी आशा धरून बोर्ड उघडा ठेवायचाच नाही. आणि सलग १३ तुकडे दांडी न येणं हे दहात एकदा होतं, सलग २० तुकडे न येणं शंभरात तीनदा. लोक याला पनवती म्हणतात. पनवती कसली, दहात एकदा होणारी गोष्ट रोज होणारच, तुमच्या प्लॅनमध्ये ती धरलेली पाहिजे.

आता माझा आवडता भाग. २५ लाईनी म्हणजे २५० घरं, एका तुकड्यात चार घरं, म्हणजे रिकाम्या बोर्डवर कमीत कमी ६३ तुकडे लागणार, याच्या खाली कोणी जाऊ शकत नाही. मग वेळ वाचवायचा कुठे? खाली बटण दाबून धरलं की तुकडा दर दोन फ्रेमला एक ओळ उतरतो. तो बसला की पुढचा तुकडा यायला थोडा थांबा असतो, तळाच्या दोन ओळींत बसला तर १० फ्रेम, आणि मग वर दर चार ओळींना दोन फ्रेम वाढत १८ पर्यंत जातात. बऱ्याच जणांनी हा थांबा वाचून ठरवून टाकलं की शक्य तेवढं खाली खेळायचं. पण बेरीज करून बघा ना. चार ओळी वर बसवलं तर पडण्याचे आठ फ्रेम वाचतात आणि थांब्याचे फक्त दोन वाढतात, म्हणजे सहा फ्रेमचा फायदा, प्रत्येक तुकड्याला. मग उंच रचायचं का? रिकाम्या बोर्डवर नाही, कारण उंची गाठायला जे तुकडे लागले ते शेवटी बोर्डवर तसेच पडून राहतात, वाया. पण हाइट ५ ला १२ ओळींची उंची तुम्हाला फुकट मिळालीय! तिथे वरच्या वर खेळलात तर एका तुकड्यामागे सुमारे १८ फ्रेम वाचतात, म्हणजे सेकंदाचे तीन दशांश. चाळीस तुकड्यांचे झाले बारा सेकंद, तेही जेमतेम एका मिनिटाच्या आसपासच्या रनमध्ये. ज्या गार्बेजला सगळे शिव्या घालतात तेच रेकॉर्ड देतं, फक्त त्यातली वरची तीन-चार ओळींची भोकं कुठे आहेत ते बघायला पाहिजे, खालच्यांशी काही देणंघेणं नाही, कारण २५ लाईनी झाल्या की गेम संपतो, बोर्ड साफ करायचा नसतो.

लाईन गेली की १७ ते २० फ्रेमचं अॅनिमेशन असतं, एक लाईन गेली काय आणि चार गेल्या काय, साधारण तेवढंच. एकेक करून २५ वेळा काढल्या तर ते २५ वेळा, आणि सहा टेट्रिस अधिक एक सिंगल केलं तर सातच वेळा. पाच सेकंदांहून जास्त फरक. ६३ तुकड्यांत सरासरीने नऊ दांड्या येतात आणि लागतात सहा, म्हणजे हे काही स्वप्नातलं नाहीये, पण प्रत्येक वेळी होणारही नाही, म्हणून मध्येच ट्रिपल घेऊन पुढे जायचं की थांबायचं हा निर्णय दर रनमध्ये येतो आणि खरा खेळाडू तिथे कळतो. अजून एक बारीक गोष्ट, खाली दाबलेलं असताना या गेममध्ये डावी-उजवी चालत नाही. आधी सरकवा, मग पाडा. आणि बाजूचं बटण नुसतं धरून ठेवलं तर पहिला थांबा १६ फ्रेम, पुढे दर सहा फ्रेमला एक घर, म्हणजे दाबून धरणारा हरलाच, टॅप करायला शिकायलाच पाहिजे. अंगठा दुखतो, खरं आहे.

आता रिसेटबद्दल, कारण "तुम्ही लोक नुसतं रिसेट करत लक येईपर्यंत बसता" हे पण ऐकून झालंय. रिसेट कधी करायचा हे गणित आहे. मारिओ ३ सगळ्यांनी खेळलाय, आठव्या जगात ते तीन हात आहेत, वरून जाताना ओढून घेतात आणि आत एक लेव्हल खेळायला लावतात. प्रत्येक हाताची शक्यता अर्धी, म्हणजे तिन्ही चुकवून जायला आठात एक. समजा असा आठात एकचा जुगार तुमच्या रनच्या आठव्या मिनिटाला आहे, तर एकदा पार व्हायला सरासरी ६४ मिनिटं खेळावं लागेल. तोच जुगार पहिल्या अर्ध्या मिनिटात असता तर चार मिनिटांत काम झालं असतं. शक्यता तीच, किंमत सोळा पट! म्हणून रूट, म्हणजे रनचा प्लॅन, बनवताना जिथे जमेल तिथे जुगार सुरुवातीकडे आणायचा आणि उशिराचे जुगार, दोन-तीन सेकंद गेले तरी चालतील, सेफ करायचे. बी-टाईपची गंमत म्हणजे त्यातला सगळ्यात मोठा जुगार, गार्बेज, सुरुवातीलाच दिसतो. नाही पटलं तर ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट एकत्र दाबा, परत टायटलवर. चालू रनमधून स्वतःचं रेकॉर्ड मोडायची शक्यता आणि त्याला उरलेला वेळ, हे एका बाजूला, नवीन रनची तीच शक्यता आणि तिला लागणारा वेळ दुसऱ्या बाजूला, आणि ज्यात दर मिनिटाला जास्त चान्स आहे ते करायचं. भावना बाजूला ठेवून हे करणं फार अवघड आहे, चाळीस सेकंद सुंदर खेळल्यावर सोडून द्यायला जीव होत नाही.

आणि आता मुख्य भांडण. मशीन चालू करायचं, आवाजाच्या ठोक्यावर मोजत राहायचं आणि ठरलेल्या फ्रेमला स्टार्ट दाबून हवं ते गार्बेज आणायचं, याला मॅनिप म्हणतात, आणि आपल्यातलेच काही जण याला चीटिंग म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. तेवढ्यात अंगठा खाली आणणं ही कला आहे, सराव आहे, आणि ती केली तरी मिळतं काय, तर सुरुवातीचं गार्बेज आणि दोन तुकडे. त्यानंतरचा प्रत्येक तुकडा आधीचा तुकडा कुठल्या फ्रेमला बसला त्यावरून ठरतो, एका फ्रेमने हललात की पुढची सगळी माळ बदलली. पुढचा सगळा रन तुम्हाला स्वतःच्या हाताने आणि डोक्यानेच काढायचाय.

चीटिंग काय असतं ते बघायचं असेल तर २०२० ची, माइनक्राफ्टचे स्पीडरन करणाऱ्या ड्रीम या यूट्यूबरची केस वाचा. रन तपासणाऱ्या मॉडरेटरांनी त्याच्या स्ट्रीम बसून मोजल्या, गेममधल्या पात्रांना सोनं देऊन केलेल्या २६२ अदलाबदलींत ४२ वेळा मोती मिळाले, जिथे शंभरात पाचपेक्षा कमी मिळायला पाहिजेत, आणि ३०५ ब्लेझ (गेममधले राक्षस) मारून २११ कांड्या, जिथे निम्म्या मिळायला पाहिजेत. त्यांच्या हिशोबाने हे साडेसात लाख कोटीत एकदा होईल असं. पुढे २०२१ मध्ये त्याने गेममध्ये मॉड, म्हणजे गेम बदलणारा वरून टाकलेला कोड, होता हे मान्य केलं. तिथे गेमच बदललेला होता. मॅनिपमध्ये गेमचा एक बिटही कोणी हलवत नाही, गेम जसा १९८९ ला बनवला तसाच आहे, तुम्ही फक्त तो नीट वाचलाय. या दोन गोष्टी एका वाक्यात घेणारा माणूस मेहनत करणाऱ्या पोरांवर अन्याय करतो, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

माझं म्हणणं असं की मॅनिपचे रन रेकॉर्डच्या त्याच यादीत राहू द्या, अटी घाला. खरं मशीन, पॉवर ऑनपासून कॅमेरा चालू, हात दिसले पाहिजेत, टर्बो बटण (आपोआप भराभर दाबणारं) बंद. आणि अमेरिकन आणि पाल (युरोपकडची टीव्ही पद्धत) मशीनचे वेळ वेगळे लावा. पालवर सेकंदाला पन्नासच फ्रेम, बाजूला सरकायचे थांबे पण तिथे १६ आणि ६ ऐवजी १२ आणि ४ आहेत, हा सरळ दुसरा गेम आहे. आपल्याकडचे जुने टीव्ही पालचे, त्यामुळे घरातलं जुनं मशीन काढून आकडे जुळवायला बसलात तर जुळणार नाहीत, आधीच सांगतो.

मशीनवरून आठवलं, कॅसेट लागली नाही की तोंडाने फुंकायचं बंद करा आता. आपली हवा आधीच दमट आणि खारी, पिना लवकर काळ्या पडतात, त्यात थुंकी. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि पुसा, वाळू द्या, मग लावा. आणि पावसात लाईट येते-जाते त्या दिवशी मॅनिप करायला बसूच नका.

हाइट ५ च्या गार्बेजचा फ्रेमप्रमाणे चार्ट बनवायला घेतलाय, वरच्या चार ओळी ज्यात बऱ्या आहेत तेवढेच फ्रेम वेगळे काढतोय. एमुलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली मशीनवर, जुळतंय, आता खऱ्या मशीनवर बघायचंय. कोणाकडे अमेरिकन एनईएस चालू अवस्थेत असेल तर इनबॉक्स करा, फोंडा, डिचोली, म्हापसा, कुठेही येतो, कॅसेट आणि साफ करायचं सामान मी आणतो.