ट्रूमनची एक सही आणि वर्णभेद खलास? इतकं सोपं नव्हतं ते

दरवर्षी जुलै संपत आला की एक पोस्ट फिरू लागते. 26 जुलै 1948 ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी सही केली, त्या दिवसापासून अमेरिकी सैन्यात काळे-गोरे प्रथमच खांद्याला खांदा लावून लढू लागले, आणि हे कुणी न मागता मोठ्या मनाने दिलं गेलं, असा तिचा सूर.

‘त्या दिवसापासून’? ट्रूमननी सही केलेला आदेश क्रमांक 9981 वाचून बघा. समान वागणूक, समान संधी, एवढंच त्यात आहे. वेगळ्या तुकड्या मोडा, असं एक अक्षर नाही. लष्कराने नेमकी हीच पळवाट धरली. कृष्णवर्णीयांच्या भरतीवरची 10 टक्क्यांची मर्यादा उठायला 1950 उजाडलं. त्याच वर्षी कोरियाच्या युद्धात उतरलेली 24वी इन्फंट्री रेजिमेंट काळ्या सैनिकांची वेगळी रेजिमेंटच होती. तिथे काळ्या सैनिकांवर धडाधड कोर्ट मार्शल झाले, तेव्हा वकील थरगुड मार्शल स्वतः चौकशीला गेले. जन्मठेपेचे काही खटले तासाभराच्या आत उरकलेले त्यांना दिसले! शेवटी भिंती पाडल्या त्या माणसांच्या टंचाईने. गोऱ्या तुकड्यांत माणसं कमी पडू लागली, मग मिळेल तो सैनिक घ्यावाच लागला. 24वी रेजिमेंट ऑक्टोबर 1951 मध्ये मोडली, शेवटची वेगळी तुकडी 1954 मध्ये.

‘प्रथमच’ हेही खोटं. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात युरोपातल्या आर्देनच्या लढाईत माणसं अपुरी पडली, तेव्हा दोन हजारांवर काळे सैनिक आघाडीवर गोऱ्यांसोबत लढायला स्वतःहून पुढे आले. अट काय, तर सार्जंटने बाहीवरच्या फिती उतरवून साधा शिपाई व्हायचं, कारण काळ्याचा हुकूम गोऱ्यावर चालता कामा नये. अनेकांनी त्या उतरवल्या. युद्ध संपलं आणि त्यांची पुन्हा वेगळ्या तुकड्यांत रवानगी झाली.

राहिलं ‘न मागता’. मार्च 1948 मध्ये काळे कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी ट्रूमनना तोंडावर सांगितलं होतं की आमची पोरं असल्या वर्णभेदी सैन्यात भरती होणार नाहीत. शिवाय ते निवडणुकीचं वर्ष. ट्रूमनचं मन हललं होतं, हे मान्य. पण ते हललं आयझॅक वुडर्डमुळे. फेब्रुवारी 1946, साउथ कॅरोलायना. सैन्यातून मोकळं होऊन काही तासच झालेला हा काळा सार्जंट गणवेशातच बसने घरी निघाला होता. लघवीला उतरू का, असं विचारल्यावरून ड्रायव्हरशी बाचाबाची झाली. पुढच्या गावात पोलिसांनी दंडुक्याने असं मारलं की दोन्ही डोळे कायमचे गेले. तिथल्या पोलीस प्रमुखाला सगळ्या गोऱ्या ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आसपास निर्दोष सोडलं.