न्याय करायचाच तर पहिल्या बाकापासून सुरू करा

"तुम्ही ख्रिश्चन लोक दुसऱ्याला लय नावं ठेवता आणि स्वतः मात्र तसलंच वागता." मिरज-सांगलीत वाढलेल्या माझ्यासारख्या ख्रिस्ती बाईला हे वाक्य नवीन नाही, शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं, आता स्टाफरूममध्ये पण ऐकते. आणि दरवेळी आपली माणसं ठरलेली दोन उत्तरं देतात, एकतर "असली माणसं सगळ्याच धर्मात असतात की" नाहीतर "आम्ही पण पापीच, प्रभूनं क्षमा केलीय एवढंच". दोन्ही खरंय हो, पण विचारणाऱ्याचा प्रश्न तिथंच राहतो. तो विचारतोय की पापी आहात ना, मग दुसऱ्याकडं बोट कशाला?

मला विचाराल तर ढोंग आहे, आणि भरपूर आहे. फक्त लोक जिथं दाखवतात तिथं ते नसतं.

चुकणं म्हणजे ढोंग नव्हे. दारू वाईट असं मनापासून मानणारा माणूस एखाद्या रात्री पिऊन आला तर तो कमजोर पडला, दुसऱ्या दिवशी त्याला लाज वाटली, रडला, परत उभा राहिला, त्याला मी ढोंगी म्हणणार नाही, कुणी म्हणूही नये, चर्च आहेच त्याच्यासाठी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घ्यायला एक काटा आणि विकायला दुसरा काटा ठेवणारा व्यापारी असेल तर त्याला आपण काय म्हणू? ढोंगी माणूस तसा असतो. माझ्या पोरानं केलं तर "वय आहे त्याचं", शेजारच्या पोरानं केलं तर "संस्कारच नाहीत". बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात प्रभू येशू नेमकं हेच बोलतो, ज्या मापानं तुम्ही मोजता त्याच मापानं तुम्हाला मोजलं जाईल, आणि लगेच पुढं ते मुसळ आणि कुसळ. पण तो उतारा आपण अर्धाच वाचतो. प्रभू तिथं असं म्हणत नाही की भावाच्या डोळ्यातलं कुसळ तसंच राहू दे, तो म्हणतो आधी तुझं मुसळ काढ, मग तुला नीट दिसेल आणि मग त्याचं काढ. म्हणजे बोलायचं आहेच, भावाला सांगायचं आहेच, फक्त नंबर ठरलेला आहे, पहिला नंबर आपला.

आता आपल्याकडं प्रत्यक्षात काय चालतं ते बघा.

आमच्या ओळखीतली एक मुलगी, लग्न होऊन बाहेरगावी गेली, नवरा मारायचा, एक दिवस परत आली. रविवारी उपासना सुटल्यावर बाहेर चहा असतो, कागदी कप, मारीची बिस्किटं, पोरं इकडंतिकडं पळतायत, आणि त्या गर्दीत एक बाई अगदी प्रेमानं तिच्या पाठीवरनं हात फिरवत विचारते, "काय गं, अजून माहेरीच का?" दुसरी म्हणते, "देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये बाई, प्रार्थना कर." तिसरी काही बोलत नाही, नुसती तिच्या गळ्याकडं बघते, मंगळसूत्र आहे का नाही ते. (आमच्या भागात ख्रिस्ती बायकाही मंगळसूत्र घालतात, क्रूसाचं पेंडंट असतं.) त्या मुलीनं कप तसाच कठड्यावर ठेवला आणि निघून गेली. दोनतीन रविवार आली, मग यायची बंद झाली. आता लोक म्हणतात तिचा विश्वास थंड पडला. तिच्या नवऱ्याला मात्र त्याच्या गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कुणी एक शब्द विचारलेला नाही, तो व्यवस्थित प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर आणि द्राक्षारस, घेतो.

हे मला सहन होत नाही. कारण शुभवर्तमानात मी जो येशू वाचलाय तो बरोबर उलटा वागतो. योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाई, पाच नवरे झालेले, भर दुपारी विहिरीवर आलेली. प्रभू तिचं सगळं आयुष्य तिला तोंडावर सांगतो, काही लपवत नाही, तरी ती बाई तोंड लपवून पळून जात नाही, उलट घागर तिथंच टाकून गावात जाऊन सांगते की चला, बघा, मी केलेलं सगळं मला सांगणारा माणूस आलाय. खरं सांगूनही समोरचा माणूस ताठ मानेनं गावात जाऊ शकला पाहिजे, आपल्याला हे जमतं का? आठव्या अध्यायातली व्यभिचारात धरून आणलेली बाई तर सगळ्यांना पाठ आहे, निष्पाप असेल त्यानं पहिला दगड टाकावा. त्यात पण मला नेहमी वाटतं की बाईला धरून आणली, मग पुरुष कुठं होता? व्यभिचार एकटीनं होत नाही की. नियमशास्त्रात दोघांनाही शिक्षा होती. म्हणजे ते न्याय करायला आलेच नव्हते, त्यांना मऊ जागा सापडली होती आणि तिथं दगड मारायचा होता. शेवटी प्रभू तिला म्हणतो मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, पुन्हा पाप करू नको. दोन्ही वाक्यं एकत्र आहेत. आपल्यातले काही पहिलंच सांगतात, काही दुसरंच सांगतात.

प्रभू खरोखर चिडून, नावं घेऊन बोलला ते कुणाला? मत्तय तेवीस काढून वाचा. शास्त्री आणि परूशी, म्हणजे त्या काळचे पहिल्या बाकावरचे लोक. जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर देतात आणि स्वतः बोटसुद्धा लावत नाहीत, पुदिना-जिऱ्याचा दशमांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, मोजून देतात आणि न्याय, दया, विश्वास सोडून देतात, चुना लावलेल्या कबरी. वरच्यांना एवढं कडक आणि खालच्यांना एवढं मऊ बोलणारा गुरू आपला, आणि आपण मात्र खालच्यांना कडक आणि वरच्यांना "साहेब, प्रार्थनेत आठवण ठेवा".

आणि गंमत नाही, राग येण्यासारखी गोष्ट अशी की "न्याय करू नका" हे वचन आपल्याकडं सगळ्यात जास्त कोण वापरतं? ज्याला हिशोब विचारलाय तो. वार्षिक सभेत कुणी उठून म्हणावं की दुरुस्तीच्या फंडाचं काय झालं, भाड्याच्या गाळ्यांचे पैसे कुठं जातात, मिशनच्या जुन्या जागेचा व्यवहार कुणाला विचारून झाला, की लगेच पुढनं आवाज येतो, "भाऊ, आपण कोण न्याय करणारे, न्याय करणारा परमेश्वर." टिकली लावणाऱ्या सुनेला, गणपतीत मिरवणुकीच्या पुढं नाचलेल्या पोराला, लव्ह मॅरेज केलेल्या पोरीला हे वचन कधी लागू होत नाही, तिथं मात्र शिस्त पाहिजे. प्रभूचा प्रेषित पौल, त्यानं करिंथ गावच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय, बाहेरच्यांचा न्याय करणं माझ्याकडं कुठं आहे, तुम्ही आतल्यांचा न्याय करायचा. आपण आतल्यांना सोडतो आणि गल्लीभर बाहेरच्यांचा न्याय करत सुटतो.

प्रसादाचंच घ्या. गणपतीत शेजारच्या काकू मोदकाची वाटी घेऊन येतात. आपल्या काही घरात तो मोदक प्रेमानं खातात, काही घरात खात नाहीत, आणि दोन्ही घरं देवभिरू असू शकतात. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल हाच मुद्दा घेतो, खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोष लावू नये. मला न खाणाऱ्यांबद्दल काही म्हणायचं नाही, हात जोडून "काकू, आमच्यात चालत नाही, पण तुम्ही आलात बरं वाटलं, बसा" एवढं बोललं तरी काकू समजून घेतात, इतकी वर्षं शेजारी राहतात त्या. मला राग आहे तो दार लावल्यावर जे बोललं जातं त्याचा. लहान पोरांसमोर "मूर्तिपूजक कुठले" म्हणायचं, आणि नाताळात त्याच काकूंकडं करंज्या आणि केकचं ताट पाठवून त्यांनी ते आनंदानं खावं अशी अपेक्षा करायची.

आणि जात. इथं तर आपण मान खाली घातली पाहिजे. व्यासपीठावरनं ख्रिस्तात ना यहूदी ना हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), आणि स्थळ बघताना पहिला प्रश्न "मूळचे कुठले तुम्ही, आजोबांचं आडनाव काय होतं?" सगळ्यांना कळतं काय विचारलंय ते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे, कारण बाप्तिस्म्याच्या पाण्यानं गावानं लावलेली जात धुतली जात नाही. पण सरकारला हे सांगताना आपल्याच लग्नाच्या बैठकीत ती जात कोण जिवंत ठेवतंय तेही सांगावं लागेल ना.

आता माझ्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध, नास्तिक मित्रमैत्रिणींना पण एक सांगते. एका पास्टरच्या भाषणावरनं नाहीतर एका व्हिडिओवरनं "ख्रिश्चन सगळे असलेच" म्हणणं हाही तसलाच न्याय झाला. राज्यात आम्ही एक टक्क्याच्या आतबाहेर लोक, बऱ्याच जणांनी आयुष्यात एखाददुसराच ख्रिस्ती माणूस जवळनं बघितलेला असतो. मिरजेतल्या लोकांना विचारा. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, त्याच्याभोवती आमची कितीतरी घरं वसली, नर्स, कंपाउंडर, ड्रेसर, स्वयंपाकी. आमच्या आजीच्या पिढीतल्या नर्सबाया रात्रपाळी करायच्या तेव्हा समोर पडलेला माणूस दारू पिऊन पडलाय का मारामारीत फुटलाय हे बघून टाके घालत नव्हत्या. या भागात ख्रिस्ती माणसाला जो मान मिळाला तो त्या हातांमुळं मिळाला.

साताऱ्याचं पण एक उदाहरण आहे आणि आपल्याच लोकांना ते माहीत नाही याचं वाईट वाटतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, घरात वादळ झालं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, 1900 मध्ये, स्वतःच्या मनानं घेतला. तेच टिळक 1917 साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला आले आणि तिथं "देवाचा दरबार" सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले होते आणि न घेतलेलेही होते, ख्रिस्ताच्या मागं चालायचंय एवढं पुरे. दोनच वर्षांनी ते वारले. पण शंभर वर्षांपूर्वी एक मराठी ख्रिस्ती माणूस साताऱ्यात बसून आतला कोण बाहेरचा कोण याची रेघ पुसायला निघाला होता, आणि आपण आज उपासनेनंतर कोणाच्या कपाळावर टिकली आहे ते मोजतोय.

काही जण म्हणतील हे घरातलं घरात ठेवायचं, चार लोकांत कशाला, आधीच वातावरण कसं आहे बघताय ना. बघतेय. चर्चबद्दल काहीबाही पसरवणारे लोक आहेत, भीती मलाही वाटते. पण त्या भीतीच्या आडोशाला फंड खाणारा आणि बायकोला मारणारा सुरक्षित बसणार असेल तर ते संरक्षण कुणाचं चाललंय? प्रभूचा शिष्य पेत्र, त्यानं लिहून ठेवलंय की न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून व्हायची वेळ आलीय. घरातलं घरात ठेवूनच इथवर आलोय आपण.

म्हणून आमच्या मंडळीच्या यंदाच्या वार्षिक सभेत मी दोन ठराव लेखी देणार आहे. एक, जमाखर्च छापून नोटीस बोर्डावर लावायचा, गाळ्यांच्या भाड्यासकट. दुसरा, मारहाण करणारा नवरा सभासद असेल तर त्याला वडीलमंडळानं, म्हणजे चर्च चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी, बोलावून घ्यायचं, त्याची बायको माहेरी का आली हे तिला चहाच्या वेळी विचारायचं नाही. सह्या लागतील, ज्यांना करायच्यात त्यांनी मला मेसेज करा, आणि ती मुलगी कोण हे कृपा करून कुणी विचारू नका.