हरिहरेश्वर किनारा-भ्रमंती : आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या हरिहरेश्वरच्या भूशास्त्रीय भ्रमंतीविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी सावकाशीने, पुन्हा पुन्हा वाचला. आपण एकच तारा दिला असून पुढील तक्रारी मांडल्या आहेत : रात्री अडीचला चांदणी चौकात बोलावून झोपमोड केली, किनाऱ्यावर पोहोचल्यावर सारखी घाई केली, देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरून अर्ध्यातच मागे फिरवले, मार्गदर्शक मुलगी आवाज चढवून बोलली आणि माणशी २,८०० रुपये घेऊन ‘दगड सोडून काही दाखवले नाही’. संकष्टीचा उपवास असताना साबुदाण्याची खिचडी गार मिळाली, असेही आपण नमूद केले आहे. आपल्या कुटुंबाचा सुटीचा दिवस नाराजीत गेला याचे मला मनापासून वाईट वाटते आणि त्याबद्दल मी आपणा सर्वांची क्षमा मागतो. खिचडीची तक्रार रास्त आहे, तेथील खानावळीशी मी त्याविषयी बोललो आहे.

मात्र ‘वेळेचे नियोजन शून्य’ हे आपले वाक्य मला फार लागले. आमच्या कामात वेळ याच एका गोष्टीवर सर्वाधिक विचार होतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

भरती आणि ओहोटी दिवसातून दोन-दोनदा येतात आणि त्यांची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यासाठी एक जुना ठोकताळा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती आणि या दोहोंच्या मध्ये, सकाळी नवाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. आम्ही केवळ या ठोकताळ्यावर विसंबत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके पाहून तारीख नक्की करतो आणि तिच्यावरून उलट हिशेब करत पुण्यातून निघण्याची वेळ ठरवतो. ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा या मार्गाने हरिहरेश्वरला पोहोचण्यास रात्रीच्या वेळीही पाच तास धरावे लागतात. अडीचला निघाले तर साडेसातला पोहोचून, नाश्ता उरकून आठ-सव्वाआठला खडकावर उतरता येते आणि सव्वादहापर्यंत निवांतपणे पाहता, बसता, प्रश्न विचारता येतात. झोपमोड आम्हालाही सुखाची नसते, परंतु समुद्राची वेळ आमच्या हातात नाही.

दुपारची ओहोटी गाठून पुण्याहून सकाळी आरामात का निघत नाही, असा प्रश्न आपण विचारला आहे आणि तो मला योग्य वाटतो. भर दुपारी बाराला ओहोटी येते ती अष्टमीच्या सुमारास. पण ते भांगाचे दिवस असतात. त्या वेळी सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत नसून काटकोनात असते, त्यामुळे भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही, आणि जो तरंगघर्षित चबुतरा (लाटांनी झिजवून सपाट केलेला खडकाचा कट्टा) पाहण्यासाठी एवढे लांब जायचे त्याचा बराचसा भाग पाण्याखालीच राहतो. याउलट अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे हटते, पण ओहोटी येते पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. म्हणून उधाण सरून भांग लागण्यापूर्वीचे मधले तीन-चार दिवस आम्हाला सोयीचे असतात, आणि त्यातला एखादा रविवारी यावा लागतो. पावसाळ्याचे चार महिने किनारा पूर्ण बंद. आपल्या सहलीची तारीख पंचांग, कोष्टके आणि सुट्या समोर ठेवून कित्येक आठवडे आधी ठरली होती. त्या रविवारी संकष्टी येणे हा योगायोग नव्हता.

आता घाईविषयी. गाडी चांदणी चौकातून अडीचला सुटायची होती, ती सव्वातीनला सुटली, कारण आपले कुटुंब तीन वाजून दहा मिनिटांनी पोहोचले. मुलांना रात्री उठवून तयार करणे किती कठीण असते हे मी घरी रोज पाहतो, म्हणून त्या वेळी आम्ही कोणीही आपल्याला एका शब्दाने बोललो नाही आणि आजही बोलण्याची इच्छा नव्हती. परंतु बाकीची मंडळी पाऊण तास गाडीत बसून होती, त्यांत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थही होते. पुढे माणगावला चहासाठी ठरलेला दहा मिनिटांचा थांबा आपल्या विनंतीवरून अर्ध्या तासाचा झाला. परिणामी खडकावर उतरायला नऊ वाजून गेले. दोन तासांच्या निवेदनासाठी जेमतेम तास उरला. त्या तासात मार्गदर्शकाने जे जमेल ते दाखवण्याचा प्रयत्न केला, तीच आपल्याला घाई वाटली.

सव्वादहाला मागे फिरायचे, हा आमचा नियम कोणासाठीही बदलत नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट डोंगराला वळसा घालून कड्याच्या पायथ्याशी, समुद्राला खेटून जाते. पाणी परतू लागले की ते एकसारखे चढत नाही. खडकातल्या घळींतून आधी आत शिरते आणि पुढे गेलेल्या माणसाची मागची वाट समोरच्या वाटेपूर्वीच बंद होऊ शकते. त्यात खडकावर शेवाळे. या वाटेवर लाटांनी माणसे ओढून नेल्याच्या दुर्दैवी घटना घडल्या आहेत आणि धोक्याच्या सूचनाही तेथे लावलेल्या आहेत. आपल्यासमोर पुढे गेलेली मंडळी सुखरूप परतली, याचा मलाही आनंद आहे, पण त्यांची जबाबदारी माझ्यावर नव्हती, आपली जबाबदारी माझ्यावर होती. संकष्टीच्या दिवशी प्रदक्षिणा पूर्ण व्हावी ही आपली श्रद्धा मी समजू शकतो. वेळेवर पोहोचलो असतो तर ती पूर्ण होण्यात काहीच अडचण नव्हती. दर्शनासाठी मात्र आपल्याला पुरेसा वेळ दिला होता.

मार्गदर्शक मुलीने आवाज चढवला, हे खरे आहे. त्या क्षणी आपण छायाचित्रासाठी समुद्राकडे पाठ करून ओल्या खडकाच्या कडेवर उभे होता आणि लाटांच्या आवाजात साध्या बोलण्याने काहीच ऐकू जात नाही. ती भूशास्त्राची पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, अत्यंत मृदू स्वभावाची मुलगी आहे. आपला अभिप्राय वाचून तिने पुढच्या सहलीला येऊ का, असे मला विचारले. हे वाचून आपल्यालाही वाईट वाटेल, अशी माझी खात्री आहे.

‘दगड सोडून काही नाही’ याला काय उत्तर द्यावे हे मला सुचत नाही, कारण आम्ही दगडच दाखवतो आणि मोठ्या आस्थेने दाखवतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे. पुण्यात आपण जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात जातो, ते लेणे याच लाव्हाच्या काळ्या खडकात, म्हणजे बेसाल्टमध्ये, कोरलेले आहे. तोच खडक समुद्राला भिडतो तेव्हा त्याचे काय होते, हे हरिहरेश्वरला हात लावून पाहता येते. लाटांचे तुषार कड्यावर उडतात, खारे पाणी खडकाच्या बारीक रंध्रांत मुरते, उन्हाने वाळते आणि मागे राहिलेल्या मिठाचे स्फटिक वाढताना खडकाचा कण न् कण सुटा करतात. जेथे एकदा खळगा पडला तेथे ओल अधिक टिकते, म्हणून तो आणखी खोल होतो आणि दोन खळग्यांमध्ये बोटाएवढ्या जाडीच्या भिंती तेवढ्या उरतात. सबंध कडा मधाच्या पोळ्यासारखा दिसतो तो यामुळे. आपली कन्या भिंग घेऊन त्या भिंतींवरचा मिठाचा पांढरा थर बराच वेळ न्याहाळत होती आणि खळगे पाण्याच्या पातळीपेक्षा वरच जास्त का, असे तिने विचारले. याचे उत्तर असे की खाली लाटांचा मारा सतत असल्याने खडक वाळतच नाही आणि मिठाला स्फटिक धरायला सवड मिळत नाही. वेळ असता तर हे उत्तर तिला प्रात्यक्षिकासह मिळाले असते, ते अर्धवट राहिले याची खंत आम्हाला आहे. परतीच्या वाटेवर ताम्हिणीत गाडी थांबवून लाव्हाचे एकावर एक थर आणि त्यांमधला लाल मातीचा पट्टा दाखवला, तेव्हा आपल्याला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवले नाही.

शुल्काबद्दल थोडक्यात : त्यात गाडी, रात्रीच्या प्रवासासाठी दोन चालक, नाश्ता, गावातील घरगुती जेवण, विमा आणि मार्गदर्शकाचे मानधन येते. गट मुद्दाम लहान ठेवतो, कारण मोठ्या गटात मागच्या माणसाला काही ऐकू येत नाही. उरते ते फार थोडे, आणि ते ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात मिळवून वर्ष काढायचे असते. आपला अभिप्राय प्रसिद्ध झाल्यावर पुढच्या सहलीतून दोन कुटुंबांनी नोंदणी रद्द केली. हे आपल्याला दोष देण्यासाठी लिहीत नाही. एका ताऱ्याचे वजन आमच्यासारख्या लहान व्यवसायावर किती पडते, एवढेच सांगायचे आहे.

यापुढे निघण्याच्या वेळेमागचे कारण नोंदणीच्या वेळीच अधिक स्पष्टपणे सांगण्याचा, उपवासाच्या पदार्थांकडे विशेष लक्ष देण्याचा आणि ज्यांना रात्रीचा प्रवास नको त्यांच्यासाठी शनिवारी मुक्कामाची सोय करण्याचा आमचा विचार आहे. त्याचा तपशील यथावकाश कळवू. आपली इच्छा असल्यास वेताळ टेकडीवरच्या आमच्या सकाळच्या फेरीला कन्येसह अवश्य यावे, त्याचे शुल्क आपल्याकडून घेणार नाही. अभिप्रायातील बाकीचा मजकूर आपण तसाच ठेवावा, तो आपला अधिकार आहे. फक्त नियोजनाविषयीचे ते एक वाक्य, गाडी सुटण्याची खरी वेळ लक्षात घेऊन, दुरुस्त करता आल्यास मी आपला आभारी राहीन.

आपला नम्र,
संचालक, पुणे