पाचट पेटवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

उसाला तोड आली की पाचट, म्हणजे तोडीनंतर रानात राहिलेली उसाची वाळकी पानं, पेटवायला सांगणारा हा मेसेज गावोगाव फिरायला लागतो. यंदा तो आमच्या तात्यांनीच, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांनी, घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "रविवारी खोडव्याचं पाचट पेटवूया." त्याखाली तिघांचे अंगठे. खोडवा म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस. तात्यांचं सगळं आयुष्य भोगावतीकाठच्या रानात गेलंय, ऊस त्यांना मी शिकवायची गरज नाही. पण असला मजकूर त्यांच्यासारख्या जाणत्या माणसालाही पटतो, म्हणून गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. पाचट पेटवलं की जमीन निर्जंतुक होते आणि हुमणी मरते. राख म्हणजे फुकटचं पोटॅश. पाचट ठेवलं तर खोडवा पिवळा पडतो, आणि अर्ध्या-एक एकरवाल्याला ते परवडतही नाही. वाडवडील राब भाजायचे, ते काय वेडे होते? डोंगराला वणवा लावला की गवत दुप्पट येतं आणि राख वाहून खालच्या शेतांना मिळते. आणि शेवटी, वनसमित्या आणि वनहक्क हे तुमची चराई काढून घ्यायचं कारस्थान आहे, सह्या करू नका.

हुमणीचं आधी घेतो, कारण या एका भीतीपोटीच निम्मं पाचट जळतं. हुमणी जमिनीखाली राहते, मुळं खाते. पावसाळ्याच्या तोंडाला अंड्यातून निघालेली अळी ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत उसाची मुळं कुरतडते आणि मग खोल जाऊन कोषात जाते. आपला ऊस तुटतो, पाचट पेटतं, तेव्हा ती कोषात किंवा भुंगा होऊन फूट-दीड फूट खाली, कधी त्याहूनही खोल बसलेली असते. पाचटाची आग भडकते खूप, पण टिकते काही मिनिटं. मातीतून उष्णता सावकाश उतरते, त्यामुळे चार-पाच बोटांखाली तिची फारशी झळच पोचत नाही. हुमणीला त्या आगीचा पत्ताही लागत नाही.

मग मरतं कोण? वरच्या थरातले जिवाणू, बुरशी, गांडुळं, पाचटात लपलेले कोळी आणि मित्रकिडे. 2002 साली लोकरी मावा ही उसाची कीड आली तेव्हा सांगली-कोल्हापूर हवालदिल झालं होतं. त्या माव्याला खाणाऱ्या डिफा आणि मायक्रोमस या किडी उसाच्या पानांवरच राहतात. पाचट पेटवताना आपण आपलीच राखण जाळतो. हुमणीचा खरा बंदोबस्त वळवाचा पहिला मोठा पाऊस पडल्यावर करायचा असतो. भुंगे संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करून मारायचे आणि प्रकाश सापळे लावायचे. हे सगळ्या गावानं एकदम केलं तरच उपयोग होतो. जमिनीत हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी सोडायची, तर तिला ओल आणि सेंद्रिय पदार्थ लागतात. दोन्ही पाचटाखाली मिळतात.

या आगीची दुसरी बाजू मेसेजमध्ये नावालाही नाही. आपल्याकडं रानांचे तुकडे झालेत. एकाच्या बांधाला लागून दुसऱ्याचा उभा ऊस असतो. वारा फिरला की आग बांध ओलांडते आणि शेजाऱ्याचा ऊस जळीत म्हणून जातो, त्याच्या दरातून कपात होते. पाइप आणि ठिबकच्या नळ्या जळतात. वाढत जाणारी आग विझवायला एकटाच धावलेला म्हातारा शेतकरी होरपळून गेल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. पाच मिनिटांत रान मोकळं होतं म्हणणाऱ्यानं या घरांचाही विचार करावा.

आता राख. राखेत पोटॅश असतं, हे खरं आहे. पण ते आधी पाचटात होतंच, आगीनं नवं काही तयार केलं नाही. शिवाय पाचटातलं पालाश, म्हणजे हेच पोटॅश, सुटं करायला आग लागतच नाही. ते पेशींच्या रसात विरघळलेलं असतं, पाटाच्या पाण्यानं किंवा पावसानं आपोआप मातीत उतरतं. उलट राखेतलं काही वाऱ्यानं उडतं, काही पहिल्या पाण्यात वाहून जातं. म्हणजे जे तसंही मिळणारच होतं ते मिळवण्यासाठी आपण बाकीचं सगळं धुरात घालवतो.

ते बाकीचं किती, तेही पाहा. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, म्हणजे एकरी तीन-चार टन. त्यात साधारण 0.5 टक्के नत्र, 0.2 टक्के स्फुरद, 0.75 ते 1 टक्का पालाश आणि 32 ते 40 टक्के सेंद्रिय कर्ब असतो. चार टनांत 20 किलो नत्र, म्हणजे जवळजवळ युरियाची एक पिशवी. कर्ब बाराशे किलोच्या वर. पेटवल्यावर कर्ब जवळजवळ सगळा आणि नत्राचा बहुतेक भाग हवेत जातो. मग आपणच "जमिनीत आता पूर्वीचा कस राहिला नाही" म्हणत दरवर्षी खताची पोती वाढवतो.

हे कागदावरचं गणित आहे असं कुणी म्हणेल, म्हणून एक प्रयोग सांगतो. दक्षिण आफ्रिकेत डरबन शहराजवळ माउंट एजकोम इथल्या ऊस संशोधन केंद्रात 1939 साली उसाच्या पाचटाचा प्रयोग सुरू झाला. काही वाफ्यांत ऊस जाळून तोडायचा, काहींत पाचट तसंच पसरून ठेवायचं. दोन्हींत काही वाफ्यांना रासायनिक खत, काहींना नाही. इतका जुना पाचटाचा प्रयोग जगात दुसरा नाही. सुमारे साठ वर्षांनी माती तपासली, तेव्हा पाचट ठेवलेल्या वाफ्यांच्या वरच्या थरात सेंद्रिय कर्ब जास्त होता, जिवाणू जास्त होते, मातीचे कण एकमेकांना धरून होते. उत्पादनही पाचट ठेवलेल्या उसाचं एकूणात जास्त राहिलं, आणि त्यात ओल टिकण्याचा वाटा मोठा होता. कर्बातला फरक मुख्यतः वरच्या दहा सेंटिमीटरातच दिसला, हेही सांगायला हवं. पाचट ठेवून दोन वर्षांत फूटभर माती काळीभोर होईल असं कुणी सांगत असेल, तर तेही खोटं. पण साठ वर्षांचा निकाल एका बाजूला आणि कुणी लिहिलं त्याचं नावही नसलेला मेसेज दुसऱ्या बाजूला. मी कशावर विश्वास ठेवू?

खोडवा पिवळा पडतो, या म्हणण्यात मात्र तथ्य आहे, ते मान्य करावं लागतं. पाचटात नत्राच्या सुमारे 80 पट कर्ब असतो. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र हवं असतं, आणि ते सुरुवातीला जमिनीतलंच उचलतात. म्हणून तर शिफारस आहे: टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. हे न देता नुसतं पाचट लोटून ठेवलं आणि ऊस पिवळा पडला, तर दोष पाचटाचा नाही. शिरोळकडच्या पाणथळ, क्षारपड रानात मात्र पाचटाचा जाड थर नको. तिथं आधी निचरा झाला पाहिजे, पाणी तुंबलेल्या जागी पाचट कुजत नाही, सडतं.

लहान शेतकऱ्याला परवडत नाही, याचं उत्तर अवघड नाही. पाचटाचे बारीक तुकडे करणारं ट्रॅक्टरचं कुट्टी यंत्र छोट्या वाफ्यात फिरत नाही, हे खरं. पण कुट्टी केलीच पाहिजे असं नाही. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट एकाआड एक सरीत दाबायचं, मोकळ्या सरीतून पाणी द्यायचं आणि खत पहारीनं घालायचं. एक एकर म्हणजे घरच्या माणसांचं दोन-तीन दिवसांचं काम. तण कमी आलं की भांगलणीची मजुरी वाचते आणि उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबते.

राबाचा दाखला वाचून मला खरोखर राग आला. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडं भाताच्या, नाचणीच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपं तयार करायच्या जागेसाठी, राब भाजतात. तो असतो गुंठा-दोन गुंठ्यांचा. तणाचं बी मरावं आणि रोपं जोमदार यावीत म्हणून डहाळ्या, पालापाचोळा, शेण रचून, त्यावर माती टाकून तो सावकाश भाजतात. त्या कष्टाच्या, बेतानं केलेल्या कामाचं नाव घेऊन एकरच्या एकर पेटवायला सांगणं हा वाडवडिलांचा मान नाही.

वणव्याचं थोडक्यात. वणव्यानंतर कोवळी हिरवळ लवकर दिसते, हे खरं. पण वर्षानुवर्षं आग लागली की कुसळीसारखी आगीला पुरून उरणारी गवतं वाढतात. रोपटी, कोवळी झाडं जळतात आणि उघडा पडलेला उतार पहिल्या मुसळधार पावसात मातीसकट खाली येतो. ती राख तुमच्या शेतात थांबत नाही, ओढ्यातून पंचगंगेत जाते. आणि राखीव वनाला आग लावणं हा 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, तो मेसेज पाठवणाऱ्यावर नाही, काडी लावणाऱ्यावर दाखल होतो.

सह्या करू नका, हा सल्ला तर उघड नुकसानीचा आहे. 2006 चा वनहक्क कायदा चराईचा हक्क काढत नाही, तो हक्क त्यात लिहिलेला आहे. सामूहिक वनहक्कात गावाचं जंगल राखायचे आणि वापरायचे नियम ग्रामसभा करते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली 1,800 हेक्टरांहून थोड्या जास्त जंगलावर असा हक्क मिळाला आणि पुढं गावानं स्वतःचा बांबू स्वतः विकला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला तो 2012 साली मिळाला. तिथल्या ग्रामसभेनं तेंदूपान तोडणंच बंद केलं, कारण त्यापायी झाडं छाटली जातात आणि जंगलाला आगी लावल्या जातात. हक्क गावाकडं आल्यावर गावानंच आग थांबवली. आपल्याकडं धनगरवाड्यांना आणि इतर बिगर आदिवासी वाड्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा जोडावा लागतो, ते सोपं नाही. म्हणूनच जुने पावती-दाखले, चराईच्या नोंदी आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच गोळा करायला हवेत, आणि ग्रामसभेची नोटीस लागली की घरातल्या बायकांनीसुद्धा जाऊन बसायला हवं.