पोस्टरातली बाई: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली, पण कापसाचे दिवस आहेत, दिवसभर मोबाईल हातात येत नाही. तुमचं म्हणणं असं: दोन्ही महायुद्धांतल्या पोस्टरांवर लिहिताना मला जिथंतिथं बाईचा वापरच दिसला, बाही सरकवून दंड दाखवणाऱ्या अमेरिकन बाईनं लाखो बायकांना कारखान्यात आणलं, त्याचंही मला कौतुक नाही, आणि वणीकडच्या खेड्यात बसून विलायतेच्या चित्रांशी आपला संबंध काय?

आधी माझी चूक. सगळी पोस्टरं मी एकाच पोत्यात भरली. रशियात बायका स्वतः बॉम्बफेकी विमानं घेऊन लढल्या, त्यांच्यावर एक ओळही लिहिली नाही. हे मान्य.

पण दंडवालीचं म्हणाल तर तसं नाही. हॉवर्ड मिलरचं ते चित्र वेस्टिंगहाउस कंपनीनं स्वतःच्या कारखान्यांत लावलं, फेब्रुवारी १९४३ मध्ये, जेमतेम दोन आठवडे. तेही आधीच कामावर असलेल्यांचा हुरूप टिकावा म्हणून. बाहेरच्या बायकांनी ते पाहिलंच नाही, मग त्यांना आणणार कुठून? ते गाजलं १९८० नंतर. बायका कारखान्यात गेल्या त्या पगारासाठी, आणि पुरुष आघाडीवर होते म्हणून.

ब्रिटनची गंमत तर वेगळीच. १९१५ च्या पोस्टरात खिडकीशी उभ्या बायका पुरुषांना लढायला ‘जा’ म्हणतात. तिथं बाईचं काम एवढंच. १९४१ मध्ये एब्रम गेम्सनं बायकांच्या सैन्यभरतीसाठी एक चेहरा काढला, तर तो फारच देखणा आहे अशी ओरड झाली आणि पोस्टर मागं घेतलं. म्हणजे बाईनं भरती व्हावं, पण दिसावं बेताचंच!

आता आपला संबंध. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली उतरायला बायकांना १९३७ पासून बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला तशी १९४३ मध्ये ती उठवली, आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडातही. मजूर खातं तेव्हा बाबासाहेबांकडे होतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये कायदेमंडळात त्यांना या निर्णयाची बाजू मांडावी लागली. नाइलाज आहे हे त्यांनी लपवलं नाही, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल हेही सांगितलं. १९४६ मध्ये बंदी परत आली.

माझ्या आजेसासूबाई त्याच काळात खदानीत उतरलेल्या. टोपलं भरायचं, डोक्यावर घ्यायचं, चढायचं. मी एकदा विचारलं, तुमचा फोटो नाही का कुठं? हसल्या. “आमचा फोटो कोन काढते वं माय? अंधारात तं आमचं आम्हालेच दिसे ना.” बंदी आली तशा त्या पुन्हा लोकांच्या वावरात कापूस वेचू लागल्या.

आमच्या फाट्यावर बियाण्याची एक जाहिरात आहे. नवी साडी, हातभर बांगड्या, ओंजळीत पांढराशुभ्र कापूस, बाई हसतेय. उद्या सकाळी मी वेचायला निघेन तेव्हा साडीवर यांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट असेल, कारण बोंडाची टोकं हात ओरबाडतात. इकडं आलात तर ती पाटी दाखवीन, काका. तिच्या हातांवर एकही ओरखडा नाही.