प्रतिक्रियेला उत्तर: फ्रेम तोडायची की थांबवायची?

नमस्कार. मालवणहून तुम्ही लिहिलंत, "फ्रेम कधीच तोडू नये हा तुमचा हट्ट 50जी ईपॉनमध्ये टिकत नाही. स्लॉटच्या शेवटी मावली नाही म्हणून सोडलेली जागा फुकट जाते." (नव्या वाचकांसाठी: ईपॉन म्हणजे एकाच फायबरवर अनेक घरं जोडणारं नेटवर्क, 50जी त्याचा 50 गिगाबिटचा प्रकार. घरातलं यंत्र ते ओएनयू. ते डेटाच्या फ्रेम, म्हणजे पाकिटं, आपल्या वाट्याच्या वेळेत, म्हणजे स्लॉटमध्ये, पाठवतं. सगळ्यांची पाळी एकदा झाली की एक फेरी.) तुमचं बरंचसं मला पटलं.

1500 बाइटची फ्रेम 1 गिगाबिटला 12 मायक्रोसेकंद घ्यायची, 25 गिगाबिटच्या एका लेनवर 0.48 घेते (50जीमध्ये अशा दोन लेन, म्हणजे प्रकाशाच्या दोन वेगळ्या वाटा). एवढ्या चिमूटभर जागेसाठी तुकडे कशाला, असं मी म्हटलं, ते एकाच ओएनयूकडे बघून. 32 ओएनयू धरा. प्रत्येकामागे वाईटात वाईट एवढी जागा गेली तर फेरीला 15 मायक्रोसेकंद जातात. फेरी 1 मिलिसेकंदाची असेल तर दीड टक्का. 250 मायक्रोसेकंदांची असेल तर सहा टक्के! उलट तुटलेला उरलेला भाग पुढच्या फेरीपर्यंत ताटकळतो, आणि फेरी छोटी तशी ही वाटही छोटी. म्हणजे जिथे नुकसान मोठं, तिथेच तोडणं स्वस्त. हे मला आधी दिसायला हवं होतं.

तोडलं की जादा हेडरचं, म्हणजे पुढे जोडलेल्या माहितीचं, ओझं पडतं असं मी लिहिलं होतं, तिथेही चुकलो. 2020 च्या 802.3सीए मानकात लिफाफ्याचं, म्हणजे एका लेनवर सलग जाणाऱ्या डेटाच्या गठ्ठ्याचं, हेडर 8 बाइटचं आहे, म्हणजे जेमतेम अडीच नॅनोसेकंद. शिवाय दोन्ही लेनवर वेगवेगळ्या अख्ख्या फ्रेम भरत बसलो तर शेवटची रिकामी जागा दोनदा सोडावी लागते.

पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. मागणीएवढा स्लॉट मिळाला तर तोडायची वेळच येत नाही, कारण ओएनयू अख्ख्या फ्रेमचाच हिशेब कळवतो. आपल्याकडे एरवी दुपारी लाइन मोकळीच असते. गणपतीत चाकरमानी आले, घरोघरी आरतीचे व्हिडिओ कॉल सुरू झाले, की अपस्ट्रीम, म्हणजे घराकडून बाहेर जाणारी वाट, भरते आणि स्लॉट कापले जातात. तो काळ नेमका पावसाचा. गेल्या वर्षी फणसाची फांदी केबलवर पडली, जॉइंट बॉक्स उघडला तर आत पाणी, एक फायबर अंगठीएवढी वाकलेली, पॉवर मीटर उणे 28 डीबीएमवर, म्हणजे प्रकाश फारच मंद. अशा लाइनवर फ्रेमचा एक तुकडा बिघडला की धड पोचलेला दुसराही टाकून द्यावा लागतो. तिथे आधी जॉइंट नीट करायचा, मग तुकड्यांचं बोलायचं.

मूळ लेखातलं "कधीच" आज काढलं आहे. तुमच्याकडे गणपतीत फेरी किती मायक्रोसेकंदांवर ठेवता, ते जरूर कळवा.