पंचवटीत मोजलं, तर नाशिकरोडला काय घडतं?

नमस्कार. माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा: "एक फोटॉन (प्रकाशाचा कण) मोजला की दूरच्या जोडीदाराची अवस्था तत्क्षणी बदलते म्हणता, वर कार्यकारणभाव शाबूत आहे असंही म्हणता. हे दोन डगरींवर पाय ठेवणं झालं. उत्तरं आधीच ठरलेली असतील, तर एवढा बाऊ कशाला?"

'बदलते' हा शब्द मी सैल वापरला, हे मान्य. 'आधीच ठरलेली' मात्र आकड्यांत टिकत नाही.

गुंतलेली जोडी, म्हणजे उत्तरं एकमेकांशी बांधलेले दोन फोटॉन, घ्या: एक पंचवटीत, एक नाशिकरोडला. दोन्हीकडे ध्रुवक, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा तपासणारी गाळणी. फोटॉन पार गेला तर उत्तर 'हो', अडला तर 'नाही'. जोडी अशी, की दोन्ही ध्रुवक एकाच कोनात असले तर उत्तरं नेहमी जुळतात. पंचवटीत कोन ० किंवा ४५ अंश, नाशिकरोडला २२.५ किंवा ६७.५. कोनांच्या चार जोड्यांपैकी तिघींत फरक २२.५ अंश, तिथे 'जुळलं' म्हणजे यश. चौथीत, ० आणि ६७.५ला, 'न जुळणं' हे यश. चारही उत्तरं आधी लिहून ठेवली, तर चारही यशं एकत्र बसतच नाहीत: पहिल्या तिन्हींत उत्तरं जुळली की चौथीतही ती आपसूक जुळतात. म्हणजे कमाल ७५ टक्के. क्वांटमचं गणित सुमारे ८५.४ टक्के देतं. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ साली दाखवलेली विसंगती ती हीच.

प्रयोगात घसरायच्या जागा दोन. कोन फार आधी निवडला, तर त्याची खबर दुसरीकडे पोचायला वेळ मिळतो. आणि अशा जोडीत डिटेक्टरांनी ८२.८ टक्क्यांहून कमी फोटॉन पकडले, तर निसटलेल्यांच्या आडून 'ठरलेली उत्तरं' तेच आकडे देऊ शकतात. २०१५ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला हिऱ्यातल्या इलेक्ट्रॉनांवर, १.३ किलोमीटर अंतरावर, या दोन्ही वाटा एकदम बंद केल्या. २४५ फेऱ्यांत बेलचा आकडा (अशाच यशांवरून काढलेला) २.४२ आला; ठरलेल्या उत्तरांना तो २ च्या वर नेता येत नाही, वरचे ७५ टक्के म्हणजे हेच २.

आता कार्यकारणभाव. पंचवटीत कोन कोणताही ठेवा, नाशिकरोडला १,००० फोटॉनांत साधारण ५०० 'हो' आणि ५०० 'नाही'च येतात. तिथली वही एकटी वाचून काहीही कळत नाही. जुळणी दिसते ती दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि वही प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही.

शिवाय पंचवटी आणि नाशिकरोड यांत १० किलोमीटर धरले, तर ते कापायला प्रकाशाला ३३ मायक्रोसेकंद लागतात. दोन्ही मोजमापं त्याहून कमी वेळाच्या फरकाने झाली, तर कोणतं आधी हे बघणाऱ्याच्या गतीवर ठरतं. मग कारण कोणतं म्हणायचं? म्हणून 'तत्क्षणी बदलते' हे वाक्य लेखातून काढलं आहे. त्या जागी 'दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळतात' एवढंच ठेवलं आहे.